मराशी भरतकाम: गुंफण कोपऱ्यात चुकते आणि मखमलीत टाका बुडतो

निळा_दोरा
आर्मेनियन मराशी भरतकामावर बेतलेलं भिंतीवरचं पॅनेल करायचं आहे, 45 × 60 सेंमी. गडद निळी मखमल, त्यावर नऊ क्रॉस आणि मध्ये एक मोठं चक्र. दोरा पर्ल 8 (पीळदार सुती दोरा, आकडा लहान तितका दोरा जाड), दोन समांतर रेघांत अंतर 1 सेंमी. पाया, म्हणजे त्या रेघांमधले तिरके टाके, नीट दिसतो, पण त्यातून दुसरा दोरा गुंफताना कोपऱ्यावर आलं की लागोपाठ दोनदा दोऱ्यावरूनच जावं लागतं आणि जाळी लॉक होत नाही. शिवाय रिंग काढली की कापड चुण्या धरतं आणि गुंफण मखमलीच्या लवेत बुडून जाते. मखमल सोडून लिनन घ्यावं का?

टाकाटाका
मखमल सोडू नका. गडद मखमलीवर उठून दिसणारा दोरा हीच मराशची ओळख आहे.

आधी कोपरा. रचना आपल्या कच्छी टाक्याचीच आहे, म्हणजे आधी पाया आणि मग त्यातून गुंफण. गुंफणीचा दोरा सुरुवात आणि शेवट सोडला तर कापडातून जातच नाही. त्यामुळे वरून-खालून-वरून-खालून हा क्रम कुठेही मोडता कामा नये. दोनदा वरून जावं लागलं तर गुंफण बरोबर आहे, पाया चुकलाय. गुंफण उसवत बसू नका, त्या जागेच्या लगतचा छेद, म्हणजे पायाचे दोन दोरे एकमेकांना ओलांडतात ती जागा, तपासा.

चूक बहुतेक वेळा पायाच्या पहिल्याच फेरीत होते. साध्या हेरिंगबोनमध्ये (दोन रेघांमध्ये तिरके, एकमेकांना ओलांडत जाणारे टाके) प्रत्येक नवा टाका आधीच्या टाक्यावरून जातो. इथे खाली येणारा टाका वरून, पण वर जाणारा टाका आधीच्या तिरक्या दोऱ्याखालून सरकवायचा. हाताला हेरिंगबोनची सवय असेल तर सात-आठ टाके बरोबर पडतात आणि कोपरा आला, लक्ष वळणाकडे गेलं, की वर जाणारा टाकाही वरूनच पडतो. दुसरी फेरी मधल्या रिकाम्या जागा भरते, तीही छेदाछेदाला एकदा वरून, एकदा खालून. क्रॉसच्या आतल्या कोपऱ्यात जागा कमी म्हणून टाका गाळायचा किंवा बाहेरच्या कोपऱ्यात जास्तीचा घालायचा मोह होतो. तसं केलं की पुढचा सगळा क्रम उलटतो. म्हणून टाक्यांच्या जागा आधी आखा. प्रत्येक भुजेवर सारख्याच खुणा हव्यात.

तपासायची सोपी रीत: पाया झाला की बोथट सुईत दोरा न ओवता तिच्या टोकाने पूर्ण वाट एकदा चालून बघा. पाच मिनिटं जातात, पण पुढचा तास वाचतो.

अंतराबद्दल: पर्ल 8 ला 1 सेंमी जास्त झालं, जाळी विरळ दिसेल. 6 ते 7 मिमी ठेवा. 1 सेंमीच हवं असेल तर पर्ल 5. सहापदरी दोरा नको, सुई पदरांमध्ये घुसते आणि दोरा फाटतो. बोथट सुई नसेल तर साधी सुई उलटी धरून नेढ्याच्या बाजूने सरकवा.

मखमलवाला
बुडण्यावर उपाय तीन, एकत्रच करा. छोट्या लवेची सुती मखमल घ्या, साडीच्या ब्लाउजला येते ती लांब लवेची सिंथेटिक नको. खाली मांजरपाटाचं अस्तर टाचून दोन्ही एकत्र ताणा, मात्र मांजरपाट आधी धुऊन घ्या, नाहीतर पुढे तोच आटेल. पाया पर्ल 5 चा आणि गुंफण पर्ल 8 ची करा, म्हणजे पाया लवेच्या वर राहतो.

रिंग मखमलीवर लावूच नका, तिचा वळ जात नाही. आरीवाले (आकड्याच्या सुईने भरतकाम करणारे) वापरतात तसा चौकोनी अड्डा, म्हणजे कापड ताणायची चौकट, घ्या. चुण्या दोन कारणांनी येतात: पाया खेचून घातला जातो, आणि मग गुंफण त्याला आणखी आत ओढते. पायाचा दोरा कापडाला टेकेल इतकाच ठेवा, सुई खालून सहज सरकली पाहिजे.

छापण्यासाठी भोकं पाडलेला कागद, पांढरी पावडर आणि रॉकेल ही दुकानातली पद्धत इथे चालणार नाही. लवेत रेघ पसरते. बटर पेपरवर आखणी करून तो मखमलीवर टाचा, रेघांवरून बारीक धावदोरा घाला आणि कागद फाडून काढा. धावदोरा नंतर उपसता येतो.

निळा_दोरा
आभारी. दोरा मध्येच संपला तर गाठ कुठे मारायची? आणि पॅनेलच्या पाटीवर ‘आर्मेनियन व्यापाऱ्यांनी हा टाका कच्छात आणला’ असं लिहिलं तर चालेल का?

टाकाटाका
गाठ नाहीच. गुंफणीचा दोरा एका क्रॉसला एक, सलग. एक क्रॉस चिंधीवर करून उसवा, दोरा मोजा आणि त्यात 20 सेंमी वाढवून कापा. मोठ्या चक्राला एक दोरा पुरणार नाही. तिथे बाहेरच्या कडेला, एखाद्या छेदाच्या आड दोरा मागे न्या, पायाच्या मागच्या टाक्यांत दोन-तीनदा अडकवा आणि नवा दोरा त्याच भोकातून वर आणा.

पाटीवर ते वाक्य लिहू नका. टाका सारखा आहे एवढंच म्हणता येतं, कुणाकडून कुणाकडे गेला हे त्यावरून ठरत नाही. आणि मराशची हकिगत तशीही पुरेशी आहे. मराश म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं काहरामानमराश. 1915 च्या नरसंहारातून वाचलेल्या आर्मेनियन बायका अलेप्पो, बैरूतला पोचल्या आणि भरतकाम हे तिथे पोट भरायचं साधन झालं. त्यांच्या नाती-पणती आज जे करतात ते त्यातूनच आलंय.

उभा_आडवा
रचनेबद्दल एक. नऊ सारखे क्रॉस आणि मध्ये चक्र म्हणजे उशीचा अभ्रा होईल. आर्शिल गॉर्की या आर्मेनियन-अमेरिकन चित्रकाराचं ‘आईचा भरतकाम केलेला अॅप्रन माझ्या आयुष्यात उलगडतो’ अशा अर्थाच्या नावाचं 1944 चं चित्र बघा, सिएटलच्या कलासंग्रहालयात आहे. गॉर्की वान सरोवराकाठचा, आई 1919 मध्ये येरेवानला उपासमारीने गेली. चित्रात एकही नक्षी उतरवलेली नाही, नुसते पातळ रंगांचे ओघळ आणि तरंगते आकार. तुम्हीही नऊपैकी दोन-तीन क्रॉसचा नुसता पाया ठेवा, गुंफूच नका. लांबून ते फिकट दिसतील आणि टाका कसा बांधला जातो हेही कळेल. फक्त त्यांचा पाया नेहमीपेक्षा जरा घट्ट घ्या, गुंफण नसली की सैल दोरा लोंबतो.

मखमलवाला
गुंफण नसलेले क्रॉस ठेवणार असाल तर ते सगळ्यात शेवटी करा, आधी केले तर काम करताना मनगट घासून दोऱ्याला बूर येतो. आणि इस्त्री दाबू नका. पॅनेल जाड टॉवेलवर पालथं टाकून मागून नुसती वाफ द्या, तशीच रात्रभर वाळू द्या, मग अड्ड्यावरून उतरवा.