‘लेव्हिटेशन’साठी मराठी शब्द: तरंगणे, अधांतरी की झेलणे?

प्रश्न: वितळलेल्या धातूचा थेंब कुठेही न टेकवता धरतात आणि त्याची घनता, पृष्ठताण मोजतात. याला ‘तरंगणे’ म्हटलेले चालेल का?

प्रतिसाद १: ‘तरंगणे’ म्हटले की प्लावक बल (द्रव वस्तूला वर ढकलतो ते) डोळ्यासमोर येते. इथे ते नाही. ‘अधांतरी धरणे’ म्हणा, आणि त्यातले ‘धरणे’ सोडू नका. नुसत्या स्थिर विद्युत क्षेत्रात भारित थेंब एका जागी टिकूच शकत नाही, हे अर्नशॉचे प्रमेय. म्हणून सुमारे २ मिमीचा धातूचा मणी दोन इलेक्ट्रोडांमध्ये ठेवतात, हजारो व्होल्ट लावतात, लेसरने त्याची जागा टिपत राहतात आणि सेकंदाला शेकडो वेळा व्होल्टेज सावरतात. तापवताना मण्यातून वायू सुटतो, विद्युतभार गळतो आणि मणी पडतो. तेवढ्यापुरता अतिनील दिवा लावून भार भरून काढायचा. फार तापल्यावर इलेक्ट्रॉन आपसूक बाहेर पडू लागतात, मग दिव्याचे काम उरत नाही.

प्रतिसाद २: पण ‘निकाल अधांतरी आहे’ ही छटा चिकटतेच. शिवाय वायूच्या पद्धतीला तो शब्द बसत नाही. तिथे शंकूच्या आकाराच्या नळीतून आर्गॉन किंवा ऑक्सिजनचा झोत मणी खालून उचलतो आणि वरून कार्बन डायऑक्साइड लेसर त्याला वितळवतो. हे सरळ ‘झेलणे’ आहे. झोत जास्त झाला की मणी थरथरतो, भिंतीला लागतो आणि तिथेच गोठतो. खालची बाजू वायूने थंड राहते, म्हणून काही जण खालूनही लेसर देतात.

प्रतिसाद १: ‘झेलणे’ मान्य, त्या पद्धतीपुरते.

प्रतिसाद ३: विषयाचे नाव मात्र ‘मुशीविना वितळण’ ठेवा, कारण सगळी खटपट मूस टाळण्यासाठी आहे. झिर्कोनियम १८५५ अंश सेल्सिअसला वितळते; तेवढ्या तापमानाला मूस रसाशी अभिक्रिया करते आणि मोजमाप भेसळीचे होते. शिवाय तिची भिंत स्फटिक धरायला जागा देते. भिंतच नसली की रस द्रवणांकाच्या शेकडो अंश खालीही द्रव राहतो: अतिशीतन. शेवटी थिजताना सुप्त उष्मा सुटतो, मणी झपकन उजळतो आणि शुद्ध धातूचे तापमान द्रवणांकावर क्षणभर थबकते. त्या थबकण्यावरच पायरोमीटर (प्रकाशावरून दुरून तापमान मोजणारे उपकरण) जुळवतात.

प्रश्न: श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, कशी काढतात?

प्रतिसाद ३: थेंबाला हलका धक्का देऊन. कंपनाच्या वारंवारतेवरून पृष्ठताण, कंपन विरण्याच्या वेगावरून श्यानता. तिसऱ्या पद्धतीत, म्हणजे पृथ्वीवर तारेच्या गुंडाळीच्या चुंबकीय क्षेत्राने धरलेल्या थेंबाची श्यानता मात्र अशी मोजू नका: तिथले क्षेत्रच रस घुसळते, आणि कंपन श्यानतेपेक्षा त्या घुसळणीने लवकर विरते. बाष्पीभवनाने वजनही घटते, तेव्हा मणी आधी आणि नंतर तोला.