मदत हवी आहे : मुलगा अमेरिकेत आठवड्यातून दोनदा प्लाझ्मा देतो, तब्येतीला अपाय होईल का?

हुरडा_सोलापूर :

नमस्कार मंडळी. वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

धाकटा मुलगा टेक्सासमध्ये एमएस करतोय. वय २४, वजन ५८ किलो, अंडंही न खाणारा शाकाहारी. व्हिडिओ कॉलवर त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला काळंनिळं दिसलं. विचारलं तर म्हणाला, "प्लाझ्मा देतो गं, रक्तातला पिवळसर द्रव भाग. इथे सगळेच देतात." खोदून खोदून विचारल्यावर कळलं की सेमिस्टर सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोनदा जातो. पैसे एका कार्डावर जमा होतात आणि त्यात किराणा, फोनचं बिल भागतं. आम्हाला जास्त पैसे मागायला नकोत म्हणून हे चाललंय, हे न सांगताही समजलं.

ह्यांचं रक्तदान नियमित असतं, पण तिथे तीन महिने झाल्याशिवाय परत घेत नाहीत. मग हे आठवड्यातून दोनदा कसं चालतं? मुलाच्या म्हणण्याप्रमाणे मशीनवर असताना ओठांना मुंग्या येतात, तोंडात नाणं चोखल्यासारखी चव येते आणि थंडी वाजते. "ते नॉर्मल आहे" असं त्याला रूममेटने सांगितलंय. हल्ली दमल्यासारखं वाटतं म्हणतो, सर्दीही सुटत नाहीये. गुगल केलं तर एका पानावर काहीच होत नाही आणि दुसऱ्यावर सगळंच होतं. कुणी डॉक्टर किंवा स्वतः प्लाझ्मा दिलेलं असेल तर कृपया लिहा. त्याला बंदच करायला सांगू का?

ओहायोकर :

काकू, मी दिलाय, एमएस करत असतानाच. सगळेच देतात हे खरं नाही, पण बरेच देतात. देसी मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केंद्रांचे रेफरल कोड फिरत असतात.

तिथे काय करतात ते सांगतो म्हणजे धास्ती कमी होईल. आधी बोट टोचून हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आणि प्रथिनं बघतात. वजन, बीपी, नाडी, ताप दर खेपेला. मग हातात चांगली जाड सुई. मशीन रक्त ओढतं, प्लाझ्मा वेगळा करून बाटलीत घेतं आणि लाल पेशी त्याच सुईतून परत शरीरात सोडतं. असे बरेच फेरे होतात, तास-सव्वा तास जातो. शेवटी बहुतेक ठिकाणी सलाइन देतात. परत येणारं रक्त आणि सलाइन शरीरापेक्षा गार असतं, म्हणून थंडी वाजते. मी भर उन्हाळ्यात हूडी घेऊन जायचो.

काळंनिळं म्हणजे सुई शिरेतून जरा हलली आणि रक्त बाहेर झिरपलं. आठवडा-दहा दिवसांत जातं. पण एकाच जागी टोचून टोचून खड्ड्यासारखा व्रण पडतो, माझा अजून आहे. हात बदलायला सांगा.

तिरकस :

म्हणजे रक्त विकून पोट भरणं. आपल्याकडे हे बंद करून जमाना झाला आणि आपली शिकलेली पोरं महासत्तेत जाऊन तेच करतायत. छान.

निळीशाई :

तिरकस, त्या मुलाने चोरी केलेली नाही. त्याच प्लाझ्मापासून हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याचा आजार) रुग्णांसाठी रक्त गोठवणारा फॅक्टर, भाजलेल्यांसाठी अल्ब्युमिन हे प्रथिन आणि प्रतिकारशक्तीच नसलेल्या मुलांसाठी इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे प्रतिपिंडं तयार होतात. जगातल्या अशा औषधांना लागणाऱ्या प्लाझ्माचा सर्वांत मोठा पुरवठादार अमेरिकाच आहे आणि तो पुरवठा पैसे देऊनच उभा राहिलाय. त्यावर वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, इथे एक आई तब्येतीचं विचारतेय.

रक्तपेढीवाली :

ताई, मी ट्रान्सफ्युजन मेडिसिनमध्ये (रक्तसंक्रमण विभागात) डॉक्टर आहे, पुण्यात. मुलाला न तपासता लिहितेय हे धरून चाला.

आधी तीन महिन्यांचा प्रश्न. तुमचे यजमान संपूर्ण रक्त देतात, त्यात लाल पेशी आणि त्यांच्यातलं लोह जातं. ते भरून यायला आठवडेच्या आठवडे लागतात. प्लाझ्मा देताना लाल पेशी परत मिळतात. प्लाझ्मात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि ते एक-दोन दिवसांत भरून येतं. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) सात दिवसांत दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून, अशी परवानगी दिलेली आहे.

पण पाणी भरलं म्हणजे प्रथिनं भरली असं नाही. त्याचं वजन १२८ पौंड होतं. ११० ते १४९ पौंडांच्या गटात नेहमीच्या मशीनवर सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) धरून ६९० मिली काढता येतात, त्यात निव्वळ प्लाझ्मा ६२५ मिलीपर्यंत. ५८ किलोच्या माणसाच्या अंगात एकूण प्लाझ्माच साधारण सव्वादोन-अडीच लिटर असतो, म्हणजे एका बैठकीत पाव हिस्सा जातो. डेसिलिटरला सात ग्रॅम प्रथिनं धरली तर प्रत्येक वेळी चाळीसेक ग्रॅम गेली. एवढ्या वजनाच्या माणसाची दिवसाची प्रथिनांची किमान गरजही जवळपास तितकीच असते. अंडंही न खाणारा मुलगा, त्यात होस्टेलवजा स्वयंपाक. वाटीभर वरणातून सात-आठ ग्रॅम मिळतात. हिशोब तुम्हीच करा.

आता मुंग्या. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात. लाल पेशींबरोबर त्यातलं थोडं शरीरात येतं आणि रक्तातलं मोकळं कॅल्शियम धरून ठेवतं. त्यामुळे ओठ आणि बोटांना झिणझिण्या, धातूसारखी चव, कधी हुडहुडी. वारंवार दिसतं, बहुधा सौम्य असतं आणि मशीन थांबल्यावर थोड्या वेळात जातं. पण "नॉर्मल आहे" म्हणून गप्प बसायचं नाही. तिथल्या माणसाला लगेच सांगायचं. ते रक्त परत सोडण्याचा वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी चघळायला देतात. मुंग्या वाढत गेल्या, हाताची बोटं आखडली, छातीत धडधडलं किंवा दडपण आलं तर तिथल्या तिथे मशीन थांबवून घ्यायचं. कॅल्शियम फार उतरलं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. हे क्वचितच होतं, पण हाका मारायला लाजण्यासारखंही नाही.

चक्कर येणं हा दुसरा नेहमीचा त्रास. पहिल्यांदा देणारे, कमी वजनाचे, कमी पाणी प्यायलेले आणि उपाशी आलेले यांच्यात जास्त. कधी कधी भोवळ केंद्रात न येता घरी गेल्यावर, गरम पाण्याने अंघोळ करताना येते. त्या दिवशी जिम नाही, जड उचलणं नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं बसल्याशिवाय गाडी चालवायची नाही. मुलगा संकष्टी वगैरे करत असेल तर त्या दिवशी अजिबात जाऊ नये.

सर्दी आणि थकव्याचं खालच्या प्रतिसादात लिहिते, ओपीडी सुरू होतेय.

राईनकाठी :

डॉक्टरांची ओपीडी संपेपर्यंत माझे दोन पैसे. मी जर्मनीत प्लाझ्मा देतो. इथेही मोबदला मिळतो, पण वर्षाला ६० वेळांची मर्यादा आहे आणि दर पाचव्या वेळी रक्तातलं आयजीजी (मुख्य प्रतिपिंड) तपासतात. ते उतरलं असेल तर घरी पाठवतात. अमेरिकेच्या हिशोबाने आठवड्याला दोन म्हणजे वर्षाला १०४ होतात. शरीर तेच, नियम निराळे. त्यामुळे "कायद्याने चालतं" एवढ्यावर समाधान मानू नका.

ओहायोकर :

अमेरिकेतच बघा ना. रेड क्रॉसला विनामोबदला प्लाझ्मा द्यायचा तर २८ दिवसांतून एकदाच घेतात.

आणखी एक. पहिल्या महिन्यात खूप पैसे देतात त्याचं कारण आहे. पहिल्या वेळेचा प्लाझ्मा, दुसऱ्यांदा येऊन परत चाचण्या झाल्याशिवाय वापरता येत नाही. त्यामुळे नवीन माणूस परत यावा म्हणून आमिष. नंतर दर उतरतात आणि महिन्यातल्या खेपा न चुकवणाऱ्याला बोनस. मुलं त्या बोनसपायी ताप अंगावर काढून जातात. मला धोका वाटतो तो इथे, मशीनमध्ये नाही.

हुरडा_सोलापूर :

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी! मुलाला लिंक पाठवली आहे. तो संकष्टी करतो आणि गेल्या संकष्टीला साबुदाणा खाऊन गेला होता. मुंग्यांचं केंद्रात एकदाही सांगितलेलं नाही, "मशीन थांबवलं तर पैसे पूर्ण मिळत नाहीत" म्हणे. डॉक्टर, सर्दीचं लिहा ना.

रक्तपेढीवाली :

लिहिते. ताई, नुसत्या सर्दीवरून प्रतिकारशक्ती गेली असं म्हणता येत नाही. थंडीच्या दिवसांत चार मुलं एका खोलीत राहिली की सर्दी फिरतच राहते. झोप, परीक्षा, बी-१२, लोह, सगळं बघावं लागेल. शाकाहाऱ्यांत बी-१२ ची कमतरता आपल्याकडे सर्रास सापडते आणि थकवा तिचाही असू शकतो.

तरीही आयजीजी बघायलाच हवं. प्लाझ्माबरोबर प्रतिपिंडंही जातात, त्यातलं मुख्य आयजीजी. त्याचं अर्धायुष्य तीन आठवड्यांच्या आसपास, म्हणजे शरीर ते सावकाश बदलतं. वारंवार देणाऱ्यांत आयजीजीची पातळी खाली येते हे दिसलेलं आहे. त्यामुळे नक्की किती आजारपण वाढतं, विशेषतः वर्षानुवर्षं दोनदा देणाऱ्यांत, यावर दीर्घकाळाचा अभ्यास तोकडा आहे. म्हणूनच देशोदेशीचे नियम एवढे वेगळे आहेत. कुणी छातीठोकपणे "काहीही होत नाही" म्हणालं तर विश्वास ठेवू नका, "शरीर पोखरतं" म्हणालं तरी ठेवू नका.

अमेरिकेतल्या केंद्रात दर वेळी एकूण प्रथिनं बघतात, डेसिलिटरला ६ ग्रॅमच्या खाली असतील तर घेत नाहीत. शिवाय किमान दर चार महिन्यांनी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (कोणती प्रथिनं किती आहेत ते वेगळं करून दाखवणारी चाचणी) होतं. पण एकूण प्रथिनं ठीक असली तरी आयजीजी कमी असू शकतं. मुलाने केंद्रात इलेक्ट्रोफोरेसिसचा निकाल मागून घ्यावा. आणि विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरमध्ये सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, एकूण प्रथिनं व अल्ब्युमिन आणि आयजीजी करून घ्यावं. डॉक्टरला प्लाझ्माचं स्पष्ट सांगायचं, नाहीतर अल्ब्युमिन कमी दिसलं म्हणून ते यकृत आणि किडनीच्या मागे लागतील.

बंद करायला सांगू का, असं विचारलंत. सध्या हो. सर्दी आणि थकवा असताना द्यायचाच नाही. रिपोर्ट येईपर्यंत थांबू दे. सगळं व्यवस्थित निघालं आणि त्याला परत सुरू करायचं असेल तर पंधरा दिवसांतून एकदा, जेवून, भरपूर पाणी पिऊन. आदल्या दिवशी तळकट नको, प्लाझ्मा दुधासारखा गढूळ येतो आणि फेकून द्यावा लागतो. मुंग्या आल्या की सांगायचं, पैसे कापले गेले तरी.

निळीशाई :

जेवणाचं मी सांगते, माझी बहीण तिथेच शिकली. मटकी-मुगाची मोड आणून उसळ, राजमा, छोले, टोफू, घट्ट ग्रीक दही, शेंगदाण्याची चटणी. सोलापूरच्या माणसाला शेंगदाण्याचं वेगळं सांगायला नको :) नुसता मॅगी आणि भात खात असेल तर प्लाझ्मा न देताही दमेल.

आणि एक विषयाबाहेरचं, पण महत्त्वाचं. मुलगा एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असेल तर हे पैसे घेणं, त्यावरचा कर, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून विचारा. लेखी उत्तर असू द्यावं. इथे आम्ही कुणीही "चालतं" म्हटलं तर त्याला काही अर्थ नाही.

तिरकस :

माझा आधीचा प्रतिसाद जरा जास्तच झाला, पण माहिती म्हणून : आपल्याकडे पैसे देऊन रक्त घेण्यावर बंदी आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे, अंमल १ जानेवारी १९९८ पासून. त्याआधी रक्तपेढ्यांबाहेर व्यावसायिक रक्तदात्यांच्या रांगा असायच्या. खोकत, अशक्त, तरी द्यायला उभे. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवड्याला दोनदा ऐकून कसंतरीच होतं. मुलाला दोष नाही. ताई, किराण्याचे पैसे तुम्हीच पाठवा जमलं तर.

हुरडा_सोलापूर :

तिरकस, तेच बोलणं झालं काल. महिन्याचे थोडे वाढवून पाठवतोय. तो आधी चिडला, मग कबूल झाला. हेल्थ सेंटरची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे, तोवर जाणार नाही म्हणाला.

दोन शेवटच्या शंका. रक्त तपासायला शेवटच्या प्लाझ्मानंतर किती दिवसांनी द्यावं? आणि डिसेंबरात घरी येतोय, तेव्हा ह्यांच्याबरोबर शिबिरात रक्तदान करायचं म्हणतो. चालेल?

रक्तपेढीवाली :

तपासणी आत्ता, पुढच्या आठवड्यातच. नेमकी तारीख अडून बसण्यासारखी नाही, फक्त शेवटचा प्लाझ्मा कधी दिला ते डॉक्टरला सांगायचं. आयजीजी कमी निघालं तर सहा-आठ आठवड्यांनी परत बघायचं, म्हणजे वर येतंय की नाही कळेल. थांबूनही वर आलं नाही तर कारण प्लाझ्मा नाही, दुसरं शोधावं लागेल.

रक्तदान : हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं, आणि शिबिरातल्या डॉक्टरला प्लाझ्माचं सगळं सांगायचं, ते ठरवतील. मात्र संपूर्ण रक्त दिलं की अमेरिकेत परतल्यावर आठ आठवडे प्लाझ्मा देता येत नाही, तेही तिथे लपवायचं नाही. त्याचं फेरिटिन कमी निघालं तर डिसेंबरात नुसतं बाबांना शिबिरात सोडून यायला सांगा.