नानांनी कानाचं मशीन कपाटात ठेवलंय, काय करावं?

प्रश्न (सोलापूर, अशोक चौक):
आमचे नाना बहात्तरचे. जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवला. आता दोन्ही कानांना मशीन घेतलंय, पण म्हणतात, "आवाज येतो गं, शब्द येत नाही. भांडं पडलं की डोक्यात घण बसतो." घरातलं तेलुगू बऱ्यापैकी कळतं, नातवाचं मराठी मात्र नाही. हल्ली विसरायलाही होतंय. मशीन परत करावं का?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, नवी पेठ):
ताई, परत करू नका. मी स्वतः दोन्ही कानांना मशीन लावतो. मागाच्या खडखडाटानं अंतःकर्णातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. आधी जातो तो 3000 ते 6000 हर्ट्झचा बारीक सूर. स, श, फ हे त्या वरच्या सुरांवरच ओळखू येतात. म्हणून साठ, पाठ, काठ, गाठ सगळं 'आठ'सारखं ऐकू येतं. वर्षानुवर्षं हे सूर पोचले नाहीत की मेंदू त्यांच्याशिवाय भागवायला शिकतो, डोळ्यांवर भिस्त ठेवतो. मागावर तर माणसं ओठ बघूनच बोलतात. आता मशीननं तो सूर परत आणलाय आणि मेंदूला त्याची ओळख नव्यानं करून घ्यायचीय. त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, तेही मशीन रोज कानात असेल तरच.

लग्नकार्यात, गड्ड्याच्या जत्रेत एवढ्यात नेऊ नका. दुपारी शांत खोलीत समोर बसून पेपर वाचून दाखवा, नानांचं बोट ओळीवर असू द्या. ते जमलं की बोट नको, मग पेपरही नको. सुरुवात तेलुगूतून करा. मायबोलीत गळलेला शब्द मेंदू अंदाजानं भरतो, नंतर शिकलेल्या भाषेत तेवढं जमत नाही.

उत्तर २ (ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ):
सरांशी सहमत. पण घण बसतो म्हणजे सेटिंगही बघायला हवं. कानात बारीक नळी घालून मशीनचा आवाज पडद्याजवळ मोजून घ्या. बारीक सूर एकदम न चढवता टप्प्याटप्प्यानं चढवता येतात. कोणता आवाज बोचतो ते लिहून न्या: कुकरची शिट्टी, ताट, रिक्षाचा हॉर्न. नुसतं 'त्रास होतो' म्हटलं की आमच्या हाती काही लागत नाही.

विसरण्याचं वेगळं डॉक्टरांना दाखवाच. शब्द पकडण्यातच डोकं शिणलं तर लक्षात ठेवायला थोडंच उरतं, हे खरं. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर 3 वर्षं अभ्यास झाला, 2023 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळे मिळून पाहिले तर मशीननं बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून या घसरणीचा धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र ती 48 टक्क्यांनी मंदावली. म्हणून स्मरणशक्तीसाठी हमी नाही, पण टाळण्यासारखंही नाही.

प्रश्नकर्ती:
धन्यवाद सर, मॅडम. नातू दुसऱ्या खोलीतून मोठ्यानं ओरडून सांगतो, ते चालेल का?

उत्तर १:
नको. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तिथंच राहतात. समोर येऊन, तोंड उजेडात ठेवून, सावकाश बोलू द्या.