सामान्य गुण आणि मोठी लॉ फर्म

कायद्याच्या शिक्षणाच्या पहिल्या दोन वर्षांत गुण सामान्य राहिले की मुंबईतील मोठ्या लॉ फर्मचे दार कायमचे बंद होते, हे मत मला अर्धेच पटते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील कॅम्पस भरतीत गुणांची चाळणी आधी लागते, हे खरे आहे. परंतु नेमणुकीचा दुसरा मोठा मार्ग इंटर्नशिपचा आहे. तिथे चार-सहा आठवडे एकाच टीमबरोबर काम करताना तुमचा ड्यू डिलिजन्सचा (व्यवहाराआधी केलेल्या कायदेशीर छाननीचा) अहवाल किती नेमका आहे आणि कराराच्या मसुद्यातील विसंगती तुमच्या नजरेस पडते का, हे फर्मचे भागीदार स्वतः पाहतात.

मुंबईपुरता आणखी एक मार्ग आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते, याची मला खंत वाटते. सॉलिसिटरकडे (पक्षकारांना सल्ला देणाऱ्या व कागदपत्रे तयार करणाऱ्या वकिलाकडे) तीन वर्षे आर्टिकल्ड क्लार्क, म्हणजे शिकाऊ, म्हणून उमेदवारी करून बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संस्थेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराकडे फर्म आदराने पाहतात, कारण ती परीक्षा कठीण मानली जाते.

विषयाची निवडही महत्त्वाची आहे. २०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली तेव्हा ज्येष्ठ वकिलांनाही ती नव्यानेच वाचावी लागली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याबाबतही तसेच आहे. असा एखादा कायदा नियमांसह मुळातून वाचलेला विद्यार्थी मुलाखतीत गुणपत्रिकेपलीकडचे काही दाखवू शकतो. मात्र कमी गुणांचे कारण विचारल्यास ते सरळ सांगावे. सबबी सांगू नयेत.