शब्दचर्चा: 'व्हाइट प्रिव्हिलेज'ला मराठीत काय म्हणावं?

लेखणीवाली:
अमेरिकेतल्या गृहकर्जांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. 'व्हाइट प्रिव्हिलेज', म्हणजे नुसत्या गोरेपणामुळे मिळणारा फायदा, दर परिच्छेदात येतं. शब्दकोशातला 'विशेषाधिकार' घेऊन 'श्वेत विशेषाधिकार' लिहून पाहिलं, तर कुणीतरी विधानसभेत हक्कभंगाचा प्रस्ताव आणलाय असं वाटायला लागलं. शिवाय 'रेसिझम' म्हणजे वर्णद्वेष, वर्णभेद, वंशवाद की वंशभेद? वर्तमानपत्रं चारही वापरतात. जाणकारांनी सांगावं.

शंकासुर:
'गोरेपणाची सवलत' म्हणा की. कुणालाही कळेल.

खडूफळा:
सवलत नको हो. आपल्याकडे सवलत कुणाला? एसटीत ज्येष्ठांना, फीमध्ये गरिबाच्या पोरांना. आणि आरक्षणाचा विषय निघाला की 'त्यांना काय, सवलती आहेत' हे कुठल्या सुरात म्हटलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मागे पडलेल्याला मिळते ती सवलत. इथे पुढे असलेल्यालाच मिळतंय, आणि मिळतंय हे त्याच्या गावीही नाही. पेगी मॅकिंटॉश या अमेरिकी अभ्यासक बाईंनी, त्या स्वतः गोऱ्या, 1988 मध्ये आपल्याला रोज काय काय विनासायास मिळतं याची यादीच केली. त्यात एक नोंद अशी, की 'कातडीच्या रंगाची' म्हणून विकली जाणारी जखमेवरची पट्टी माझ्या कातडीशी बऱ्यापैकी जुळते. माझ्या वर्गात पोरं आजही फिकट गुलाबी खडू मागताना 'स्किन कलर दे ना' म्हणतात, आणि पुढे आलेला हात चांगला सावळा असतो. रंगखडू बनवणाऱ्या क्रेयोला या अमेरिकी कंपनीने 'फ्लेश', म्हणजे 'कातडीचा रंग', हे नाव 1962 मध्येच काढून 'पीच' केलं, आमच्या चित्रकलेच्या तासाला अजून पत्ता नाही. असो. माझं मत 'गोरेपणाचा आयता लाभ'.

जुनी दफ्तरं:
'आयता' आवडला, पण त्याला लॉटरीचा वास येतो. हा लाभ आभाळातून पडलेला नाही, रीतसर लिहून दिलेला आहे. अमेरिकेत 1790 च्या कायद्याने परदेशी माणसाला नागरिकत्व मिळायचं ते फक्त 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' असेल तर. लेखणीवाली, तुमचा लेख घरांवर आहे म्हणून सांगतो: 1930 च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे हिरवा, निळा, पिवळा आणि लाल अशा चार रंगांत रंगवले. लाल म्हणजे पैसे बुडण्याची भीती. काळ्यांची वस्ती असली की लाल जवळजवळ ठरलेला. पाहणीच्या छापील फॉर्मात 'निग्रो' असा स्वतंत्र रकाना होता, आणि 'घुसखोरी कुणाची होत आहे' असाही. पुढे 1944 च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर कर्ज मिळू लागलं. 1947 मध्ये मिसिसिपीत अशी 3,229 कर्जं झाली. त्यातली काळ्या सैनिकांना किती? दोन.

आता तो रकाना भरणारा कारकून मनात द्वेष घेऊनच बसला असेल असं नाही. त्याने फक्त फॉर्म भरला. म्हणून 'वर्णद्वेष' मला अपुरा वाटतो. शिवी, मारहाण, स्टेडियममधली हुर्यो यांना तो ठीक आहे. पण नकाशाला द्वेष नसतो, त्यात भेद असतो. तिथे 'वर्णभेद' लिहा. आणि प्रिव्हिलेजला मी 'मिरास' म्हणेन. 'ही काही कुणाची मिरासदारी नाही' असं आपण अजून म्हणतोच. बापाला घर मिळालं, त्याची किंमत चढली, त्यावर पोराचं कॉलेज झालं. पोराने कुणाचं काही हिसकावलेलं नाही, पण मिरास चालू आहे.

शंकासुर:
अहो, पण अमेरिकेतल्या अपालाचियाच्या डोंगराळ, गरीब भागात कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या गोऱ्याकडे कसली आलीय मिरास? त्याला हा शब्द ऐकवलात तर तो धावून येईल.

खडूफळा:
येईलच, आणि त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी 1935 मध्येच याचं उत्तर देऊन ठेवलंय. गोऱ्या मजुराला पगार तुटपुंजा असला, तरी त्यासोबत एक मानसिक मजुरी मिळते, असं ते म्हणतात. मराठीत याला एकच शब्द, मान. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या पोरसवद्यालाही 'मिस्टर', आणि काळ्या म्हाताऱ्याला 'बॉय'. अहो-जाहो आणि अरे-तुरे कुणाला लागतं हे ज्याच्या गावात ठरलेलं होतं, त्याला हे समजावून सांगायला नको.

एडिसनकर:
'वर्ण' वापरताना जपून. भगतसिंग थिंद हे अमेरिकी सैन्यात राहिलेले शीख गृहस्थ. नागरिकत्वाच्या खटल्यात त्यांच्या बाजूने असं मांडलं गेलं, की आम्ही उच्चवर्णीय आर्य, म्हणजे गोऱ्यांतच धरा. वर हेही, की अमेरिकी माणूस निग्रोला जसा मानतो तसंच आमच्या भारतातला उच्चवर्णीय तिथल्या आदिवासीला मानतो. म्हणजे आपल्याकडची उतरंड तिकडे पुरावा म्हणून जोडली! 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं: सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही नाही. मग आधी नागरिकत्व मिळालेल्या बऱ्याच भारतीयांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही पाळी आली, पण ते लढून टिकले. दार पुन्हा उघडलं ते 1946 च्या कायद्याने. इथे अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना हे बहुधा माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी 'आर्य'वाला भाग गाळून सांगतात.

शंकासुर:
'वर्ण' म्हटलं की मला बायोडेटा आठवतो. 'वर्ण: निमगोरा.' हा निमगोरा प्राणी मी विवाहमंडळाच्या वहीबाहेर कधी पाहिलेला नाही.

जुनी दफ्तरं:
तो रंगभेद. घरातलाच, वेगळा विषय. तो यात मिसळला की अमेरिकेतलं सगळं क्रीमच्या जाहिरातीवर येऊन थांबतं. एडिसनकरांचं खरं आहे, 'वर्ण' शब्दाला चातुर्वर्ण्य चिकटलेलं आहे. पण जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांनाच. मराठीत हे दोन विषय तेव्हापासून एकमेकांना ओळखतात, तेव्हा शब्द दोन्हीकडे पाहत असला तर माझी हरकत नाही. 'वंशभेद' लिहिलं तर वाचकाला वंशाचा दिवा आठवणार.

लेखणीवाली:
सर्वांचे आभार. पहिल्यांदा येईल तिथे 'गोरेपणाची मिरास', पुढे नुसतं 'मिरास'. कायदे आणि नकाशांसाठी वर्णभेद, शिवीगाळीला वर्णद्वेष. आता 'रेडलायनिंग', म्हणजे नकाशात लाल केलेल्या वस्त्यांना कर्ज नाकारणं, तेवढं उरलं. 'लाल फुली मारलेल्या वस्त्या' चालेल?

खडूफळा:
पळेल.

लेखणीवाली:
आणखी एक. मूळ लेखात 'ब्लॅक'चं पहिलं अक्षर मोठं आहे, 'व्हाइट'चं लहान. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने 2020 पासून तसा नियमच केलाय. देवनागरीत मोठं अक्षर आणू कुठून? 'कृष्णवर्णीय' फार सोवळा वाटतो, 'काळे' म्हणायला जीभ अडखळते.

एडिसनकर:
'ब्लॅक' तसंच ठेवा देवनागरीत. दलित पँथरवाले 1972 पासून अमेरिकेतल्या त्या संघटनेला 'ब्लॅक पँथर'च म्हणतायत, कुणाचं अडलं नाही.

शंकासुर:
मग 'व्हाइट'पण ठेवा!

जुनी दफ्तरं:
नको. त्यांना 'गोरे' म्हणायची आपल्याला दीडशे वर्षांची सवय आहे.