माळ्यावरची पितळी भांडी मोडीत घालून नवं वर्ष सुरू करायचं?

वाईकर
‘वर्षभर जिला हात लागला नाही ती वस्तू ३१ डिसेंबरच्या आत घराबाहेर’ असा नियम करून ठाण्याच्या एका ताईंनी सासूबाईंची पितळी भांडी मोडीत घातल्याचं लिहिलं. घंगाळ, दोन सतेली, परात, झाकणाचे डबे. आलेल्या पैशांत एअर फ्रायर घेतला. खाली जो तो ‘वा, किती मोकळं वाटलं असेल’ म्हणत होता. मला राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

वर्षाचा नियम कपड्यांना ठीक आहे. घंगाळ दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला निघतं, मोठं सतेलं घरात कार्य असलं की निघतं. मधली तीन वर्षं ते माळ्यावर असलं म्हणून निरुपयोगी होत नाही. दुसरं, मोडवाला पैसे देतो ते वजनाचे. हातोडीने ठोकून मठार उठवलेल्या भांड्याची घडणावळ तो शून्य धरतो. तसंच भांडं नवं घ्यायला जा, म्हणजे काय घालवलं ते कळेल.

आणि नावं? आमच्या परातीच्या काठावर टिंबाटिंबांनी अक्षरं ठोकलीत: ‘चि. सौ. कां. इंदू हिस मामांकडून, शके १८७१’. आजीचं एक पत्र, एक सही घरात उरलेली नाही. तिचं नाव जिच्यावर आहे अशी ही एकच वस्तू. ती भट्टीत घालायला मी तयार नाही.

ठाणेकरीण
मीच ती ताई. मला न विचारता माझ्यावर धागा काढलात, तर आता ऐका. आमचं घर वन बीएचके. माळा म्हणजे बाथरूमवरची फळी. तिथून घंगाळ काढायचं तर स्टुलावर मी चढायचं, ते खाली मी घ्यायचं, घासायचं मी आणि परत वर ठेवायचंही मीच. सासूबाई स्वतः म्हणाल्या, ‘देऊन टाक गं, माझ्या हातून आता होत नाही आणि तुझ्यावर लादायचं नाही.’ हा निर्णय दोघींनी घेतला. घरातल्या पुरुषांना भांडी गेल्याचं महिनाभर कळलंही नव्हतं. तुमची परात शेवटची कोणी घासली हो?

वाईकर
मी घासली. गणपतीच्या आधी मीच घासतो, चिंच आणि मीठ लावून. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

नलिनी
तुम्ही वर्षातून एकदा घासता आणि तुम्हाला आजी आठवते. आमची आई रोज घासायची. राख आणि नारळाची शेंडी. थंडीत बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या आणि त्यात चिंचेचं पाणी जायचं. स्टील आलं तेव्हा आमच्या गल्लीत ‘पितळ द्या, स्टील घ्या’ म्हणत भांडीवाला यायचा. बायकांनी आनंदाने हंडे-कळशा काढून दिल्या. तेव्हा कोणी परंपरेचं नाव घेतलं नाही, कारण घासणाऱ्या हातांनाच ठरवायचं होतं. आईने मागे ठेवलं ते फक्त ताम्हण आणि समई. मी तर म्हणते नव्या वर्षात भांड्यांच्या आधी हा अपराधीपणा काढून टाका.

कसब्यातला
नलिनीताई, घासण्याचं तुमचं म्हणणं मान्य. पण लोक पितळ टाकतात त्याचं खरं कारण वेगळं आहे, कल्हईवाला मिळत नाही. आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, असली की रोजच्या वापराचं भांडं आतल्या बाजूने चिंचेने रगडायची गरजच नसते. कल्हई गेली की आमटी-ताक कळकतं आणि मग भांडं माळ्यावर जातं. आमच्या पुण्यातल्या तांबट आळीत अजून काम होतं. भांडं सांडशीत धरून निखाऱ्यावर तापवतात, नवसागराची चिमूट टाकतात, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्याने फिरवली की पितळेवर चांदीसारखा थर चढत जातो. मग थेट पाण्यात, चर्रर्र! दहा मिनिटांत भांडं नवं.

रसायनशाळा
कांडी शुद्ध कथलाचीच आहे हे कोण तपासतं? स्वस्तात करून देणारा डाखाचा, म्हणजे सांधे जोडायचा, मिश्रधातू वापरत असेल तर त्यात शिसं येतं आणि ते लहान मुलांच्या पोटात जायला नको. शिवाय कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं भांडं मोठ्या गॅसवर ठेवून फोडणी केली की आतल्या कल्हईचे गोळे होतात. इंडक्शनवर पितळ तापतच नाही. हे सांगा आधी, मग आठवणी काढा.

कसब्यातला
फोडणी लोखंडी पळीत करायची आणि वरून ओतायची, भांड्यात आधी पाणी किंवा डाळ. आमच्या घरी सगळे असंच करतात. माहीतगाराकडून, समोर बसून कल्हई करून घ्या. शिशाची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण त्यावर सगळं पितळ भंगारात हा उपाय नाही.

सात्त्विक
कल्हईची भानगडच नको. पितळेत तांबं असतं आणि तांबं शरीराला लागतंच. मी सकाळी तांब्याच्या तांब्यातलं लिंबूपाणी पितो, कोणताच आजार नाही.

रसायनशाळा
कृपा करून असं लिहू नका, कोणीतरी वाचून करेल. नुसतं पाणी वेगळं. लिंबू, ताक, चिंच, कोकम यांनी तांबं उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. कल्हई त्यासाठीच असते.

सात्त्विक
आमचे आजोबा नव्वदी गाठून गेले.

रसायनशाळा
ते लिंबूपाणी पीत होते का तांब्यातून? नव्हते ना? मग त्यांना मध्ये आणू नका!

कोल्हापूरची सून
पितळेवर इतकं भांडताय, पण घर भरलंय ते कशाने? हळदीकुंकवाच्या वाणाने. आता संक्रांत आली की रथसप्तमीपर्यंत रोज कोणाकडे तरी जायचं आणि प्लास्टिकची डबी, गाळणी, आरसा, चिमट्यांचं पाकीट घेऊन यायचं. वापरवत नाही, टाकवत नाही, मग पुढच्या वर्षी तेच दुसरीला. मागच्या वर्षी मी लुटलेली साबणदाणी माझ्याच जावेकडून मला परत आली. आधी ही प्रथा सोडा. तीळगूळ द्या, फूल द्या, पुरे.

नलिनी
याला मात्र शंभर टक्के अनुमोदन. पण पहिलं पाऊल टाकतं कोण? मी एका वर्षी नुसते बोरं-ऊस दिले तर ‘यंदा हात आखडला का’ असं तोंडावर ऐकलं.

ठाणेकरीण
आमच्या सोसायटीत तर वाणाची किंमत ठरवायला बैठक होते! विषय निघालाच आहे तर सांगते, एअर फ्रायरची टिंगल करणाऱ्यांनी आपल्या घरातले वाणाचे डबे मोजावेत.

न्यूजर्सीकर
मी दुसऱ्या टोकाला आहे. आई गेल्यावर घर विकलं, आठ दिवसांत सगळं आवरायचं होतं. एका बॅगेत तेवीस किलो. त्यात मी दोन फुलपात्रं, वेळणी आणि पळी-पंचपात्र आणलं. बंब कामवाल्या मावशींना दिला, त्यांच्या गावी तो अजून पेटतो. घंगाळ चुलतभावाने ‘तात्पुरतं’ म्हणून नेलं, आता त्याच्या दिवाणखान्यात त्यात कुंडी ठेवलीय आणि तळाला भोकं पाडलीत. वाईकर, ठेवायचं म्हणून ठेवलेल्याचं हेही होतं. त्यापेक्षा मोड परवडली.

वाईकर
भोकं पाडली? घंगाळाला? याचा राग मला मोडीपेक्षा जास्त आला.

बंब दिलात ते उत्तम केलंत. माझा विरोध देण्याला नाहीच, वितळवण्याला आहे. ज्याच्याकडे चूल आहे, अंगण आहे, गावजेवणं होतात, त्याला द्या. देवळाला, मंगल कार्यालयाला, गावच्या मंडळाला विचारा.

ठाणेकरीण
विचारलं होतं. देवळात म्हणाले, ‘ठेवायला जागा नाही, आणि पितळ चोरीला जातं.’ मंगल कार्यालयात सगळं ॲल्युमिनियम आणि स्टील. फुकट घ्यायला माणूस मिळत नाही आणि तुम्ही म्हणता भट्टीत का घातलं! कोणाचा शोध मी कुठवर घ्यायचा? नोकरी करून, दोन मुलं सांभाळून?

नलिनी
हेच. वस्तू घराबाहेर काढणं हेसुद्धा बाईचंच काम.

वाईकर
बरं. विचारलं होतंत हे तुमच्या लेखात नव्हतं. असतं तर माझा सूर वेगळा असता. तरीही नाव असलेलं एक भांडं ठेवायला हवं होतं, यावर मी ठाम आहे. उरलेल्यांचं जमलं नाही हे समजू शकतो.

ठाणेकरीण
नाव असलेला गडू ठेवलाय. सासूबाई त्यातूनच पाणी पितात, म्हणून लेखात लिहावंसं वाटलं नाही. तुमच्यासाठी ठेवला नाही, त्यांच्यासाठी ठेवला. आणि हो, त्याला कल्हई करायची आहे. कसब्यातले, ठाण्यात कोणी माहितीतलं आहे का? नसेल तर पुण्याला कोणत्या वारी आणू?

कसब्यातला
ठाण्यातलं माहीत नाही. इकडे आणा, पण सकाळी लवकर, आणि येताना त्यात काही आंबट ठेवू नका. रसायनशाळांचं समाधान व्हावं म्हणून कांडी तुम्हाला आधी दाखवायला सांगेन.

रसायनशाळा
नुसती कांडी बघून शिसं दिसत नाही.

कसब्यातला
मग तुम्हीही या, तपासून घ्या.