अश्वगंधा: ॲलर्जी की नुसती सोसत नाही?

मदत हवी आहे. मी इंदूरची, वय ४२. झोपेसाठी नीमचहून आणलेलं अश्वगंधा चूर्ण रात्री दुधातून अर्धा चमचा सुरू केलं. दोन दिवस पोट ढवळलं. पाव चमचा केल्यावर थांबलं. पाचव्या रात्री मात्र तासाभरात मानेवर, हातांवर गांधी उठल्या. ओठ सुजले नाहीत, धाप लागली नाही. चूर्ण बंद केलं, सेट्रिझिन (ॲलर्जीवरची गोळी) घेतली, सकाळी सगळं साफ. दूध रोजचंच. वांगी-टोमॅटो अश्वगंधेच्याच कुळातले, पण ते कधी बाधले नाहीत. दुसरं औषध चालू नाही. पुन्हा घेऊन बघणार नाही, ते धोक्याचं वाटतं.

पोटाचं मात्रेमुळे असेल, पण गांधी म्हणजे ॲलर्जीच ना? स्किन प्रिक टेस्ट (त्वचेला हलकं टोचून करतात ती ॲलर्जीची तपासणी) माझ्याच पुडीतलं चूर्ण वापरून करतात का, आणि त्याआधी सेट्रिझिन किती दिवस थांबवायची?